शिंकेचा पट्टा

रागाने तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझ्या तळपायांना कित्येक वर्षांत काही कळलेलं नाही, त्यामुळे माझा राग थेट मस्तकातच सुरू होतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी असं म्हणतात, आणि ते खोटं नाही.

रागाचं कारण एकच. आवारात माझ्या गाडीची जागा राखीव आहे. तिथे जमिनीवर खुर्चीचं चित्र आहे आणि त्या जागेत कोणी चुकूनही गाडी लावत नाही. माणसं चांगली आहेत. ती गाड्या लावतात शेजारच्या पट्ट्यांवर. मला गाडीत बसायचं तर दार सताड उघडावं लागतं, चाकांची खुर्ची सीटला भिडवावी लागते, फळीवरून सरकून आत जावं लागतं आणि मग खुर्चीची घडी घालून ती मागे ओढून घ्यावी लागते. एवढ्या खटाटोपासाठीच ती तिरक्या पट्ट्यांची जागा असते. लोकांना वाटतं, उरलीसुरली असेल. मग मी खुर्चीत बसून माझ्याच गाडीकडे बघत राहतो आणि पट्ट्यांवर स्कूटर लावून गेलेल्या वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना फोन लावतो. ते धावत खाली येतात आणि म्हणतात, तुमची जागा तर मोकळीच ठेवली होती हो. यावर माणसाने काय बोलावं?

हे पट्टे मारले मीच. मी पाट्या रंगवणारा. एका दुकानाची पाटी रंगवताना परांचीवरून पडलो आणि कमरेखालचं सगळं गेलं, पण हात शाबूत राहिले. त्याच हातांनी पुढे पाट्या रंगवल्या आणि हातांनीच चालवायची गाडी शिकलो. हिच्या स्टिअरिंगपाशी एक दांडा आहे. ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. पट्टे मारताना ब्रश लांब काठीला बांधला होता. लेक तेव्हा दुसरीत होती. एक तरी पट्टा मला मारू दे म्हणून ती हात धुऊन मागे लागली. दिला. अर्ध्यात आली आणि तिला शिंक आली. पट्टा मधेच टुणकन उडी मारून पुढे गेला. ती रडकुंडीला आली, तेव्हा मी म्हटलं, राहू दे, ही तुझी सही समज.

तेव्हापासून ती त्या जागेची मालकीण झाली. माझी गाडी फाटकात दिसली की धावत यायची आणि पट्ट्यांवर दोन्ही हात पसरून उभी राहायची. इथे माझे बाबा उतरतात, असं बाप्यामाणसांना सुनवायची. सगळे तिला फौजदार म्हणू लागले. रविवारी आम्ही दोघंच तळ्यावर जायचो. मी चालवायचो, ती पाय सीटवर घेऊन शेजारी बसायची आणि वाटेतल्या पाट्यांमधल्या चुका काढायची. माझ्या पाट्यांनाही सूट नसे.

फौजदार आता साता समुद्रापलीकडे नोकरी करते. तिची आई गेली तेव्हा आली होती, त्यानंतर थेट यंदा.

मधल्या काळात पट्ट्यांचा रंग उडत गेला. सेक्रेटरी दरवर्षी रंगारी घेऊन येतात आणि मी दरवर्षी त्याला वाटेला लावतो. कधी रंग पातळ आहे म्हणतो, कधी ब्रशच भिकार आहे म्हणतो. खरं म्हणजे नवा रंग बसला की शिंकेचा पट्टा गेलाच. तेवढा वाकडा ठेव बाबा, असं परक्या रंगाऱ्याला सांगायची मला लाज वाटते. म्हणून पट्टे पुसट होत गेले, लोक गाड्या लावत गेले आणि मी लोकांवर डाफरत गेलो.

ती येणार म्हणून मी गाडी धुऊन घेतली, चाकांत हवा भरून घेतली, तिच्या बाजूची काच आतून स्वतः पुसली. मनात एकच होतं. तिला शेजारी बसवून एकदा तळ्यावर न्यायचं. मी चालवायचं.

दुपारी ती भाड्याच्या गाडीतून आली. मी खिडकीतून बघत होतो. आवारात इतकी जागा मोकळी होती, पण तिने गाडी आणून नेमकी पट्ट्यांवर लावली. उतरली, दार लोटलं, खिडकीकडे बघून हात हलवला. मीही हलवला. डॉक्टरांना मी दोन मिनिटांत खाली आणतो, पण तिला काही म्हणायला माझी जीभ रेटेना.

पुढचे दिवस तिने माझी फार काळजी घेतली. बाजारात, बँकेत, डोळे तपासायला, सगळीकडे तिच्याच गाडीतून नेलं. खुर्ची स्वतः उचलून डिकीत ठेवली. मी एकदा चाचरत म्हटलं की माझी गाडी काढू या का, तर म्हणाली, तू कशाला त्रास घेतोस, मी आहे ना. ती होती, हेच तर खरं. पण चालवणाऱ्याच्या ज्या बाजूला बसून मी तिची वर्षानुवर्षं वाट पाहिली ती बाजू ही नव्हती. घरी आलं की ती गाडी पुन्हा तिथेच लावायची.

जायला दोन दिवस उरले आणि सेक्रेटरी घरी आले. माझ्या देखत तिला म्हणाले, निदान तुमचं तरी ऐकतील, खालचे पट्टे रंगवू द्या म्हणावं, सगळं आवार यांच्या शिव्या खातंय. तिने विचारलं, कुठले पट्टे? आणि विचारता विचारताच तिचा चेहरा उतरला. चपला न घालताच ती खाली गेली.

मी खिडकीशी गेलो. तिने आधी गाडी दूर नेऊन लावली. मग परत येऊन उकिडवी बसली आणि तळहाताने धूळ बाजूला सारू लागली. बराच वेळ एकाच जागी बसून होती.

वर आली तेव्हा तिचे हात मळलेले होते.

"मी इतके दिवस तुझ्या दारात गाडी लावत होते," ती म्हणाली. "बोलला का नाहीस?"

"रंगच दिसत नाही. तुझी काय चूक?"

"मग रंगवू का देत नाहीस?"

मी खिडकीतून खाली पट्ट्यांकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिने धूळ सारून काय पाहिलंय हे मला कळलं.

"बाबा, त्या एका पट्ट्यासाठी?"

"तुला तळ्यावर न्यायचं होतं," मी म्हटलं. "दुसरं काही नको होतं."

तिने खाटेखालून माझा रंगाचा डबा काढला. मी म्हटलं, सगळे रंगव, तोही.

संध्याकाळी मी खुर्चीत बसून सूचना करत होतो आणि ती गुडघ्यांवर बसून रंगवत होती. हात चांगला निघाला. अखेर कोणाची मुलगी? डॉक्टरही दोन मिनिटं उभे राहिले आणि प्रथमच आपली स्कूटर लांब नेऊन लावली. शेवटी तो एक पट्टा उरला. तिने ब्रश टेकवला, अर्ध्यापर्यंत नेला आणि थांबली. मान वर करून, डोळे मिटून थांबून राहिली. मग माझ्याकडे वळली.

"येत नाहीये रे, बाबा."

मुद्दाम वाकडा मारून बघ, असं ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "सरळ ने." तिने नेला.

सकाळी आम्ही तळ्यावर गेलो. मी चालवली. तिने पाय सीटवर घेतले, आता ते मावत नव्हते तरी. वाटेतल्या पाट्यांच्या चुका काढता काढता दोघं पोट धरून हसलो. परतताना मी दांडा जरा बेतानेच ओढत होतो. दुसऱ्या दिवशी ती गेली.

परवाच्या रविवारी मी एकटाच तळ्यावर जाऊन आलो. आवारात शिरलो तर पट्टे लख्ख दिसत होते. इतके सरळ की एखाद्या रंगाऱ्याने खूश व्हावं, आणि मला ते बघवेनात. कोणाचीही गाडी आडवी नव्हती. मी दार सताड उघडलं. अडवणारं कोणी नव्हतं. हात पसरून उभंही कोणी नव्हतं.