हवावाली बाई उभी होती

गेली कित्येक वर्षं मी टीव्हीवर गुडघे टेकते आहे. कधी माझा डगला घालून एखादा मिशीवाला बाप्या टेकतो, कधी कार्टूनमधली मांजर टेकते. पंख्याच्या जाहिरातीतली ती बाई तर टेकते काय, पंखा लागला की केस उडवत उठते काय. ही सगळी सोंगं म्हणजे मीच. आणि मी जन्मात एकदाही त्या यंत्रापुढे गुडघे टेकले नाहीत असं सांगायला गेलं, की लोक माझ्याकडे बघून गोड हसतात. म्हाताऱ्या माणसाकडे बघून हसतात ना, तसं. माझ्या अंगाची लाही लाही होते.

ज्या सिनेमात मी ते काम केलं, तो तुम्ही पाहिला नसणार. पाहिलाय असं सगळेच म्हणतात, ते सोडा. निर्मात्याच्या मुलांची आपसात कोर्टबाजी चाललीय आणि सिनेमा कुलपात पडलाय, तेव्हा पाहणार कुठून? गोष्ट सांगते. दुसऱ्या कुठल्याशा ग्रहावर माणसांची वस्ती आहे. तिथे श्वासाची हवासुद्धा एक यंत्र सोडतं. त्याचं नाव थोरला. उठायचं-बसायचं ते थोरल्याला विचारून. एक दिवस थोरला ठरवतो की खालच्या मजल्यावर माणसं जास्त झाली, आणि तिथली हवा बंद करतो. मी हवेच्या नळ्या दुरुस्त करणारी कामगार, माझा भाऊ खाली अडकलेला. मी वर जाऊन थोरल्याच्या भिंतीपुढे उभी राहते. थोरला म्हणतो, "विनंती करा." मी करत नाही. तो पुन्हा म्हणतो. मी गप्प. माझ्या टाकीतली हवा संपत येते, तरी मी हलत नाही. जी मागत नाही आणि जातही नाही अशा बाईचं काय करायचं, ते थोरल्याला कुणी शिकवलेलं नसतं. शेवटी तो खालची झडप उघडतो.

बस, एवढाच प्रसंग. लोक म्हणतात त्याच्यामुळेच सिनेमा गाजला.

कागदावर मात्र वेगळं होतं. कागदावर मी गुडघे टेकून हात जोडायचे होते. मी तेव्हा नवखी, कोवळी पोर, पण जीभ आत्ताइतकीच तिखट. मी दिग्दर्शकाला म्हटलं, "ज्याचे स्क्रू मी आवळलेत, त्याच्या पाया पडू?" ते म्हणाले, "तू नाही, ती पडते." मी म्हटलं, "तीही पडणार नाही." अख्खा दिवस शूटिंग बंद राहिलं. शेवटी वैतागून त्यांनी कॅमेरा लावला आणि म्हणाले, "राहा उभी, बघू किती वेळ राहतेस." मी राहिले. त्या प्रसंगाची वाहवा त्यांनी आयुष्यभर घेतली, आणि जो विचारील त्याला सांगितलं की ही पोरगी डोक्यावर पडलेली आहे, हिला घेऊ नका. मला पुन्हा सिनेमा मिळाला नाही. चालायचंच. मी वीज कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पण ते उभं राहणं माझं होतं. नाव नाही, पैसा नाही, माझ्याकडे तेवढं एकच होतं.

आणि तेच या टीव्हीवाल्यांनी पळवलं.

सुरुवात केली ती एका विनोदी कार्यक्रमातल्या नटाने. मी त्याला नकल्या म्हणते. त्याने माझा डगला चढवला, धाडकन गुडघ्यांवर आपटला आणि ओरडला, "थोरल्या, हवा सोड रे बाबा, हवा सोड!" मग थोरल्याने हवा सोडली. कशी सोडली ते सांगत नाही, आवाजावरून सगळ्यांना कळलं. सगळा मुलूख पोट धरून हसला. खोटं कशाला बोलू, मीही हसले. मला वाटलं, आठवडाभराची गंमत आहे. पण मेंढरामागे मेंढरू. दुसऱ्या वाहिनीने नकल्याची नक्कल केली, तिसरीने दुसरीची. मूळ सिनेमात काय होतं, ते कुणी विचारीना. पुढे तर गंभीर मालिकासुद्धा गुडघे टेकायला लागल्या. हॉस्पिटलच्या यंत्रापुढे सून गुडघे टेकते, मागे बासरी वाजते, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतं की त्या अजरामर प्रसंगाला मानवंदना. कसली मानवंदना? बघितलंच नाही तर वंदन कशाला करता?

माझ्या खिडकीवर येणारे लोकही तेच करायचे. बिल चुकलंय म्हणून तावातावाने यायचे, मला ओळखायचे, आणि एकदम त्यांचं डोकं खिडकीच्या खाली गडप व्हायचं. खालून आवाज यायचा, "बाई, वीज सोडा हो!" मी म्हणायची, "आधी उठा, मग मीटर नंबर सांगा."

तर यंदा एका वाहिनीने ठरवलं, त्या सिनेमाच्या सन्मानार्थ मोठा कार्यक्रम करायचा, थेट प्रक्षेपण. निर्माती घरी आली. तिशीची, चटपटीत, बोलायला गोड. सिनेमाचा तुकडा दाखवायची परवानगी नाही, म्हणून तोच प्रसंग रंगमंचावर पुन्हा करायचा म्हणे, आणि तो मी स्वतः करायचा. मला इतका आनंद झाला की मी तिला दोनदा चहा पाजला. मनात म्हटलं, बरं झालं. एकदाचं सगळ्यांना दिसेल.

"फक्त आजी, गुडघ्यांचं कसं काय?" ती म्हणाली. "म्हणजे त्रास आहे का? आम्ही मऊ गादी ठेवू खाली."

"गादी कशाला?"

"टेकायला."

मी तिला सगळं सांगितलं. ती मान डोलवत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "असेलही हो. पण लोकांना तेच आठवतं ना. लोकांना जे आठवतं तेच द्यावं लागतं."

"मग मला कशाला बोलावता? त्या मांजरीला बोलवा."

एवढ्यावर मी तिला वाटेला लावलीच असती. पण माझी लेक तिथे बसली होती. लेक माझ्याबरोबरच राहते, शाळेत गणित शिकवते, उगाच बोलत नाही. ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "अगं आई, टेकले होतेस की तू गुडघे. मी पाहिलंय."

"कुठे पाहिलंस?"

"सिनेमात. लहानपणी तो पुन्हा लागला होता, तेव्हा तूच नेलं होतंस मला."

"तू मध्यंतराच्या आधीच माझ्या मांडीवर झोपली होतीस."

"आई, मला स्पष्ट आठवतंय. तू टेकलेस आणि रडलीस." मग तिने माझ्या हातावर हात ठेवला. "या वयात होतं असं. वाईट वाटून घेऊ नकोस."

परक्यांनी शंभर वेळा म्हटलं तरी मी कानाआड केलं असतं. पण माझ्याच पोटच्या पोरीने मला, माझ्याच आयुष्याबद्दल, विसरभोळी ठरवलं. नकल्याचे गुडघे तिने माझ्या पायांना लावून टाकले होते आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. निर्मातीला म्हटलं, "येते मी. गादी ठेवायची तर ठेवा."

तालमीला गेले तर सेट बघून मी कपाळावर हात मारला. थोरल्याच्या मधोमध हा एवढा मोठा लाल दिवा. खऱ्या थोरल्याला दिवाच नव्हता, नुसती करडी भिंत होती. कुठे बघून बोलायचं तेच कळत नसे, म्हणून तर भीती वाटायची. सेटवाल्या दादांना विचारलं, दिवा कुठून आणलात? ते बिचारे अभिमानाने म्हणाले, "जुन्या टेपा बघून हुबेहूब केलाय, बाई." टेपा नकल्याच्या. नकल्याने तेव्हा सायकलचा मागचा दिवा लावला होता, घाईत दुसरं काही मिळालं नाही म्हणून. त्या सायकलच्या दिव्याची दादांनी मनापासून, पॉलिश बिलिश करून, मूर्ती घडवली होती. त्यांच्यावर काय रागावणार?

मेकअपच्या खोलीत नकल्या भेटला. थोरल्याचा आवाज तोच देणार होता. आता टक्कल पडलंय, गुडघे माझ्यापेक्षा त्याचेच गेलेत. वाकून नमस्कार करायला निघाला तर कंबरेत अडकला. मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि सरळ विचारलं, "मी कधी गुडघे टेकले होते रे?"

तो म्हणाला, "ताई, मी तो सिनेमा पाहिलेलाच नाही."

"काय सांगतोस?"

"तिकीट मिळालं नव्हतं. मामा बघून आला होता, त्याने घरी सगळा करून दाखवला. मामा हौशी नट. कुठलीही गोष्ट सांगताना गुडघ्यावर बसल्याशिवाय त्याचं भागायचंच नाही. मी मामाची नक्कल केली."

म्हणजे बघा. एवढ्या वाहिन्या, जाहिराती, मालिका, मानवंदना, आणि सगळ्यांच्या मुळाशी कुणाचा तरी हौशी मामा. हसावं की रडावं? मी हसले. तोही हसला, पण डोळे पुसत हसला. म्हणाला, "आज जाऊन निर्मातीला सांगतो, हे चूक आहे म्हणून."

"तू काही सांगू नकोस," मी म्हटलं. "सांगून झालं माझं. तू फक्त आपला आवाज दे."

प्रक्षेपण सुरू झालं. हॉल भरलेला, लेक पहिल्या रांगेत. मी डगला घालून आत गेले. टाळ्या पडल्या. समोर लाल दिवा, पायाशी निळी गादी. थोरला म्हणाला, "विनंती करा."

मी उभी राहिले.

हॉलमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. थोरला पुन्हा म्हणाला, "विनंती करा." मी उभीच. आता कुजबुज सुरू झाली. लोकांना वाटलं, म्हातारी विसरली. पडद्याआडून निर्माती दोन्ही हातांनी खाली, खाली असं खुणावत होती. लेकीने ओठांनी सांगितलं, आई, गादी. माझे पाय भरून आले होते. डगल्यात घामाच्या धारा लागल्या होत्या. एकदा वाटलं, बसून टाकावं, कुणाला काय पडलंय. कुणालाच काही पडलं नव्हतं, म्हणून तर मला बसायचं नव्हतं.

हॉल हळूहळू गप्प झाला. मग नुसता गप्प नाही, चिडीचूप. मी सिनेमात उभी होते तेव्हा कॅमेऱ्यामागची सेटवरची माणसं अशीच गप्प झाली होती.

निर्मातीने नकल्याच्या कानात काय ओरडून सांगितलं असेल ते असो. थोरल्याचा आवाज आला, जरा कापरा, "गुडघे टेका, बाई."

आणि माझं डोकं फिरलं.

"तूच टेक," मी म्हटलं.

मग दिवा विझला, आणि हॉलमधल्या टीव्हीवर जाहिरात लागली. पंख्याची. ती बाई गुडघे टेकून केस उडवत होती.

निर्माती मला बरंच बोलली. थेट प्रक्षेपणाचा चुथडा केलात, तुमच्यावर विश्वास टाकला ती आमची चूक, वगैरे. मी तिला म्हटलं, "खरं आहे, चूकच झाली तुमची."

पुढच्या आठवड्यात सगळ्या विनोदी कार्यक्रमांत मीच. डगला तोच, दिवा तोच. पण आता मिशीवाला बाप्या ताठ उभा राहतो, कंबरेवर हात ठेवतो आणि खेकसतो, "तूच टेक!" मग थोरल्याची भिंतच गुडघे टेकते आणि कोसळते. कार्टूनमधली मांजरसुद्धा मागच्या पायांवर उभी राहिली. आणि एक शहाणा समीक्षक टीव्हीवर सांगत होता की 'तूच टेक' हे त्या सिनेमातलं सर्वांत गाजलेलं वाक्य आहे.

"कर्म माझं," मी म्हटलं. "मी त्या प्रसंगात तोंड उघडलंच नव्हतं."

लेक वह्या तपासत होती. तिने पेन खाली ठेवलं, टीव्हीचा आवाज बंद केला. थोडा वेळ बाप्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"मला काहीच नीट आठवत नाहीय गं," ती म्हणाली. "झोपलेच असणार मी. खरं कसं होतं?"

"सांगून समजणार नाही तुला."

"मग दाखव."

मी पलंगाचा कठडा धरून उठले. "तू थोरला हो," मी म्हटलं. "विनंती करा म्हण, आणि मग कितीही वेळ लागला तरी हसायचं नाही."

ती समोर भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणाली, "विनंती करा."

मी हात सोडले आणि तिच्याकडे बघत उभी राहिले. तिचं तोंड मधेच वाकडं झालं, पण ती हसली नाही.