पोट ओढून, दोन इंच

आमच्या शिंप्याच्या डोळ्यांनी राजीनामा दिला, तेव्हा त्याने दुकान बंद करायचं ठरवलं. कापायला-शिवायला कारागीर होता. अडचण वहीची होती. बत्तीस वर्षांची गिऱ्हाइकांची मापं तिच्यात, आणि ते अक्षर शिंप्याशिवाय फक्त त्याच्या मुलीला लागायचं. ती तर दिवसभर ऑफिसात प्रोग्रॅम लिहीत बसायची.

"सगळ्यांची मापं नव्याने घे," मी म्हणालो.

"वीस वर्षं लोक नुसतं कापड पाठवून फोन करतात. आता त्यांना बोलावून टेप लावू? विश्वास उडेल."

शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, वही मी टाइप करते. प्रोग्रॅम मापं काढून देईल. कारागिराला पडद्यावर मोठे आकडे दिसतील."

"पहिला कपडा बसला तर दुकान चालू. नाहीतर एक तारखेला किल्ली जागेच्या मालकाला."

पहिला कपडा माझा. मला कोणी विचारलं नाही.

काम म्हणे सोपं होतं. ओळ स्वल्पविरामापाशी तोडायची, प्रत्येक तुकड्याचा आकडा करायचा. माझी ओळ अशी: "छाती साडेअडतीस, कंबर ३४, उंची पावणेचाळीस, पोट ओढून." प्रोग्रॅम पहिल्याच तुकड्याला आडवा पडला.

"काका, त्याला ३८ कळतं, साडेअडतीस नाही. त्याच्या लेखी ती नुसती अक्षरं."

तिने त्याला साडे शिकवलं, सव्वा शिकवलं. पावणेला दोन संध्याकाळी गेल्या. चाळीस म्हणायचं आणि पाव मागे यायचं, हा मोठेपणा त्याला झेपेना. एवढं झाल्यावर ती कंटाळली आणि तिने नियम घातला: ज्याचा आकडा होत नाही तो तुकडा फेकून द्यायचा.

आठ दिवसांनी मी दुकानात पॅन्ट चढवली. बटण आणि काज यांची दुरून ओळख पटत होती, भेट होईना. कारागीर छताकडे बघू लागला. मुलीचा चेहरा पडला.

"काका, जेवून आलात का?"

"उपाशी आलोय, बाई."

शिंपी काउंटरमागून उठला. माझ्या कमरेवरून त्याने हात फिरवला. "याच्या ओळीत शेवटी काय होतं?"

"पोट ओढून. ते मी काढून टाकलं. तो आकडा नाही ना, बाबा."

"कोण म्हणतं? दोन इंच आहेत ते! हा टेप दिसला की श्वास कोंडतो. तोंडावर कसं सांगू? चौतीस लिहायचं आणि पुढे खरं लिहायचं."

मी बाहेरच्या रहदारीकडे लक्ष दिलं.

मुलीने खुर्ची ओढली, लॅपटॉप उघडला. "थांबा. एकेक सांगा. 'बायको सोबत'?"

"तीन इंच. बायकोसमोर जास्त ओढतात."

"'डॉक्टरकडून आला'?"

"एक कमी. महिनाभराने पथ्य सुटतं, तेव्हा शून्य."

"'साहेब झाला'?"

"कंबर दीड. खांद्यालाही पाव दे, ताठ चालतात."

ती भराभर टाइप करत होती, तो उभ्या उभ्या सांगत होता. मला पॅन्ट काढायला सांगायचं दोघंही विसरले.

"'वाढेल'?"

"ते लहान पोरांना. बाहीत दोन इंच दुमडून ठेवायचे."

"माझ्या ओळीत आहे. मागच्या वर्षीच्या."

"असेल."

"मी एकतीस वर्षांची आहे, बाबा!"

"माप मी घेतलंय ना? लिही, दोन."

तिने लिहिलं. जरा जास्त वेळ लावून लिहिलं.

मग प्रोग्रॅम पुन्हा चालवला. पडद्यावर माझी कंबर छत्तीस, चांगली तळहाताएवढ्या आकड्यांत, रस्त्यावरून वाचता येईल अशी. शिवणीत कापड सोडलेलं होतंच. कारागिराने उसवून वाढवलं. बटण लागलं. शिंप्याने कमरपट्ट्यात बोटं घालून पाहिली, दोन गेली. पुन्हा घालून पाहिली.

मुलगी श्वास रोखून उभी होती.

"बस आता, श्वास सोड," शिंपी तिला म्हणाला, आणि कारागिराकडे वळला. "पुढचं कापड काढ रे. आणि मालकाला फोन लाव, म्हणावं एक तारखेला येऊ नका."