सासूबाई बसेनात

सासूबाई बसेनात. दोन घास घेतले की ताटावरून उठत. स्वयंपाकघरातून दाराशी, दारातून खिडकीशी, पुन्हा मागे. सुनेने हात धरून खुर्चीत बसवलं, तर पाय जागच्या जागी चालत राहत.

"अगं, आतून कुणीतरी ढकलतंय मला," म्हणून त्या रडायच्या.

उभं आयुष्य त्यांनी डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली होती. एकदा बसल्या की भूकंप झाला तरी हलणार नाहीत, अशी घरात त्यांची थट्टा चाले.

"वय झालं आईचं. डोक्यावर परिणाम झाला असणार," मुलगा म्हणाला. मनोविकारांच्या डॉक्टरांनी शांत वाटायची गोळी दिली. त्यानं चालणं थांबलं नाही, नुसता झोक जायला लागला. एका दुपारी त्या बाथरूमच्या दारात आपटल्या. कपाळाला टाके पडले.

टाके घातले त्या दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांना तपासणारी एक डॉक्टर होती. सुनेने गोळ्यांची पिशवी तिच्या टेबलावर रिकामी केली. सासूबाई तिथेही फेऱ्या घालतच होत्या.

"आधी काय सुरू झालं? हे चालणं?"

"नाही, मळमळ. हृदयाच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली, त्यानंतर. मग पोटाच्या डॉक्टरांनी मळमळीवर औषध दिलं, आणि मग..." सून बोलता बोलता थांबली.

डॉक्टरने फोन उचलला. हृदयाचे डॉक्टर कामात आहेत, उद्या फोन करा, असं तिथल्या माणसाने सांगितलं.

"मी थांबते," ती म्हणाली, आणि खरंच फोन कानाला लावून बसली. मग पोटाच्या डॉक्टरांनाही त्याच फोनवर घेतलं.

"त्यांना हृदयाची ती गोळी चालू आहे, हे मला कुणी सांगितलंच नाही!" पोटाचे डॉक्टर उखडले.

"आता सांगतेय ना. भांडू नंतर. तुमच्या औषधाने पाय असे अस्वस्थ होतात की नाही?"

पोटाच्या डॉक्टरांचा आवाज खाली आला. "होतात. आजच बंद करा."

"माझी गोळी आज देऊ नका," हृदयाचे डॉक्टर म्हणाले. "रक्त तपासा, मग मात्रा ठरवू. पण परस्पर कायमची बंद करू नका, ठोके बिघडतील."

शांततेची गोळी हळूहळू उतरवायचं तिने मनोविकारांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवलं.

सासूबाई टेबलाशी आल्या. "म्हणजे मी वेडी नाही?"

"नाही हो, आजी. आम्हीच एकमेकांशी बोललो नव्हतो."

रक्तात हृदयाचं औषध फार साचलेलं निघालं; मळमळ त्यानेच होत होती. मात्रा कमी झाली. तरी पाय लगेच थांबले नाहीत. सून पडण्याच्या धास्तीने त्यांच्यामागे घरभर फिरत राहिली.

मग एका सकाळी घरात काहीच आवाज येईना. सून बाहेरच्या खोलीत धावली. सासूबाई पलंगाच्या कडेला बसून शेंगा सोलत होत्या.

"अशी काय बघतेस?" त्या जरा सरकल्या. "ये, टेक इथे. माझ्यामागे फिरून तुझ्या पायांचे तुकडे पडले असतील."

सून टेकली, आणि तिला एकदम रडू फुटलं.