भोंग्याविना वरात

मी अ‍ॅमीटर बोलतोय. नाव ऐकून बिचकू नका. पितळेचं कडं, काचेखाली पांढरी तबकडी, तिच्या मधोमध शून्य आणि एक काटा, एवढाच माझा संसार. बॅटरीत वीज येत असली की माझा काटा उजवीकडे झुकतो आणि बॅटरीतून जात असली की डावीकडे. तिसरं काही मला येत नाही. पण जे येतं त्यात मी कधी खोटं बोललेलो नाही.

माझा जन्म कुठे झाला ते सांगता यायचं नाही, पाठीवरचा शिक्का कधीच पुसला. तरुणपण गेलं एका मालवाहू बोटीच्या इंजिनखोलीत. ती बोट अलेक्झांड्रियात मोडीत निघाली आणि शुक्रवारच्या जुन्या बाजारात मी गंजक्या बिजागऱ्यांच्या ढिगात येऊन पडलो. तिथून मला उचललं बस्युनीने; सगळे त्याला उस्ता, म्हणजे मिस्त्री, म्हणतात. बहरी मोहल्ल्यात त्याचं गाड्यांच्या विजेचं दुकान. त्याने मला लाकडी पेटीत बसवलं, दोन जाड तारा जोडल्या आणि पुढे कित्येक वर्षं माझ्याशिवाय त्याचं पान हलेना.

मग आला तो पिवळा डिजिटल मीटर. आकडे काय दाखवतो, अंधारात उजळतो काय! उस्ताचा त्याच्यावर असा जीव जडला की माझी रवानगी थेट साखरेच्या डब्यावर झाली. मुंग्या शिरू नयेत म्हणून झाकणावर वजन हवं होतं. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय. मला राग यायचा, आणि तो अजून गेलेला नाही.

एके सकाळी शौकी आपली काळी गाडी घेऊन दुकानात आला. त्या गाडीला सगळा मोहल्ला ‘तेता’ म्हणतो, म्हणजे आजी. शौकीच्या वडिलांच्या वेळची ती. बहरीतल्या अर्ध्या नवऱ्या तिच्यातच बसून सासरी गेल्या. पण अलीकडे दोन वराती तिने ऐन समुद्राकाठच्या रस्त्यावर अडवल्या होत्या. दोन्ही वेळा बॅटरी ठार. आणि आता गुरुवारी शौकीच्या एकुलत्या एक लेकीचं, नाहिदचं लग्न होतं.

“नवऱ्याच्या आईचा निरोप आलाय,” शौकी स्टुलावर बसत म्हणाला. “मदाम इनायत म्हणते, तुमची गाडी अपशकुनी आहे. रस्त्यात थांबली तर सुनेला उतरवून आमच्या गाडीत घेऊ, मग आम्हाला बोल लावू नका. बस्युनी, भररस्त्यात माझी पोर दुसऱ्याच्या गाडीत चढली तर मी तोंड कुठे लपवू?”

उस्ताने पिवळ्याला बोलावलं. इंजिन जोरात पळवलं, आकडे बघितले. दोन तारांचा दिवा लावून पाहिला, तोही लख्ख पेटला. बॅटरी तपासली, ती ठीक. डायनॅमो तपासला, तोही ठीक.

“तुझी म्हातारी ठणठणीत आहे,” उस्ता म्हणाला.

“मग लग्नातच का मरते? नजर लागलीय तिला.”

“आरशाला निळा मणी टांगलायस, पुढे लहान मुलाचा बूट बांधलायस. अजून किती नजर काढणार आहेस?”

नाहिद बापाला हाक मारायला आली होती, ती दारातच थांबली. म्हणाली, “बस्युनी काका, तुम्ही ती कैरोला निघाल्यासारखी पळवून बघताय. वरातीत ती कुठे पळते? मुंगीच्या पावलाने जाते, दिवे लावलेले, आणि बाबांचा हात भोंग्यावरून हलत नाही.”

उस्ताने पिवळा खाली ठेवला. मग म्हणाला, “चला तर. वरात काढून बघू.”

पण मोजायचं कशाने? पिवळा नुसता दाब सांगणार. वीज येतेय की जातेय हे त्याच्यातून मोजायचं तर दिवे आणि भोंगा यांचा भार त्याला झेपायचा नाही, फ्यूज उडणार. शेजाऱ्याकडे तारेला लावायचा चिमटा होता, पण तो घरातल्या विजेचा. बॅटरीच्या विजेपुढे ठार आंधळा. उस्ताने दुकानभर नजर फिरवली, आणि ती साखरेच्या डब्यावर येऊन थांबली. मला काय वाटलं ते मी सांगत बसत नाही. बाहीने त्याने माझी काच पुसली.

इंजिन सुरू करणाऱ्या सेल्फची जाड तार वगळून त्याने मला बॅटरीच्या वाटेत जोडलं आणि खिडकीतून आत घेऊन नाहिदच्या मांडीवर ठेवलं. अंगात घरचा झगा, केसांना मेंदी थापलेली, अशी नवरी मागे बसली. तेता गल्लीतून निघाली. शौकीने वरातीचा ठेका धरला, टीट-टीट, टीटीटीट. झालं, गच्च्यांवरून बायका जीभ हलवून किलकारू लागल्या, कुणीतरी मीठ उधळलं, एका म्हातारीने विचारलं, “अगं, लग्न गुरुवारी ना?”

आणि माझा काटा डावीकडे गेला. दिव्यांनी एकदा ढकलला, मग भोंग्याच्या प्रत्येक ठोक्याला आणखी. उजवीकडे काही फिरकेना.

“जातंय, बाबा,” नाहिद म्हणाली. “नुसतं जातंय.”

उस्ताने पाय दाबायला सांगितलं. इंजिन गरजलं आणि मी उजवीकडे आलो. तेव्हा कुठे त्याला उमगलं. जुना डायनॅमो हळू चालीत वीज करत नाही, आणि हल्ली गर्दीने वराती फारच रेंगाळतात. वरातीत तेता साठवणीवर जगायची, आणि ती साठवण शौकी भोंग्यात फुंकून टाकायचा.

“नजर नाही रे,” उस्ता म्हणाला. “तुझाच हात आहे. पहिला गिअर सोडायचा नाही, इंजिन फिरतं ठेवायचं, दिवे बारीक. आणि भोंगा अजिबात नाही. तो मागच्या गाड्यांना वाजवू दे.”

शौकीचा चेहरा उतरला. “सगळ्या गावच्या पोरींना मी वाजवत नेलं. माझ्याच पोरीला मुक्याने नेऊ?”

उस्ताने माझ्या तारा सोडवल्या नाहीत, उलट घट्ट आवळल्या.

गुरुवारी सूर्य समुद्रात बुडत असताना वरात निघाली. उस्ता पुढे बसलेला, मी त्याच्या मांडीवर, मागे नवरा-नवरी. मागच्या गाड्यांनी कान किटवले. शेजारून स्कूटरवाले ओरडले, “शौकी, मयताला चाललायस का? वाजव की!” दोनदा त्याचा हात भोंग्याकडे गेला. दोन्ही वेळा त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. गालांवरून पाणी वाहत होतं, तेही त्याने पुसलं नाही. मी जिवाच्या आकांताने शून्याच्या उजवीकडे टिकून राहिलो.

नवऱ्याच्या दारात तेता उभी राहिली. नाहिद मागून वाकली आणि बापाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “बाबा, आता वाजवा.”

शौकीने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, मोठे दिवे लावले आणि भोंग्यावर दोन्ही तळवे ठेवले. काय वाजवला म्हणून सांगू! वाटभर गिळलेलं सगळं बाहेर आलं. मी डावीकडे कोसळलो, दिवे पिवळे पडले, भोंग्याचा आवाज बसत बसत घोगरा झाला आणि इंजिन एक आचका देऊन बंद पडलं.

मदाम इनायत दारात आली. “बंद पडली ना शेवटी?”

“पडली नाही, अम्मी,” नाहिद उतरत म्हणाली. “पोचली.”

मदाम इनायतने तिच्याकडे पाहिलं, मग शौकीच्या भिजल्या चेहऱ्याकडे. तिने स्वतः पुढे होऊन सुनेचा हात धरला, आणि शौकीला म्हणाली, “आत या व्याही, शरबत घ्या. गाडी आमची पोरं ढकलतील.”

आता मी तेतातच असतो, स्टिअरिंगच्या चाकामागे पक्का बसवलेला. दर शुक्रवारी शौकी लेकीकडे जेवायला जातो आणि वाटेत माझ्याकडे बघतो. पिवळ्याशी माझं वैर सरलेलं नाही, पण असू दे त्याचं त्याच्यापाशी. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी म्हातारा डब्यावर वजन म्हणून बसला असेल, तर त्याची काच एकदा पुसून बघा. बाकी माझं काही मागणं नाही. लग्नाच्या त्या संध्याकाळी मात्र, उस्ता मला सीटवर ठेवून सगळ्यांबरोबर आत गेल्यावर, शौकी बराच वेळ बंद गाडीत बसून होता. माझा काटा मधोमध शून्यावर होता. त्याने काचेवर बोट टेकवलं आणि हळूच म्हणाला, “आता येणंही नाही, जाणंही नाही. दिली बाबा पोर.”