चेंबरमधलं ऑईल

“नंबर वाचा, मिस्त्री,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर पार्टांचं जुनं पुस्तक होतं आणि कानावर पेन्सिल.

धाकट्याने ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोवरची काजळी चिंधीने पुसली आणि एकेक आकडा वाचला. बाईंचं बोट पानावरून फिरलं. “जुळला! हाही मूळचाच. कार्बुरेटर, मॅग्नेटो, सीटसुद्धा. आता इंजिनाच्या पोटात काय निघतंय ते बघायचं.”

त्रेसष्टाव्या वर्षी त्याला पहिल्यांदाच कुणी मिस्त्री म्हणत होतं. कारखान्यात थोरला भाऊ वर्कशॉपचा हेडमेकॅनिक, म्हणून हा धाकटा. केस पिकले तरी धाकटाच.

बागकामाचा हा एका सिलिंडरचा छोटा ट्रॅक्टर त्याच कारखान्याचा. कारखाना बंद पडल्यावर तो भंगारात निघाला आणि बाईंनी हौसेने उचलून आणला. मूळचा असेल तो भाग ठेवायचा, नसेल तो कुठूनही शोधून आणायचा, ही त्यांची अट. हे इंजिन ओळखणारा गावात धाकटा एकटाच उरला होता. तरी त्याने दोनदा नाही म्हणून पाहिलं होतं, कारण हा ट्रॅक्टर आपल्याच हातून मेला असं तो छत्तीस वर्षं धरून चालला होता.

मोठे साहेब यायचे होते त्या दिवशी उतारावर इंजिन जाम झालं. मागची चाकं जागच्या जागी अडकली आणि वर बसलेला हेडमाळी फेकला गेला. खुब्याचं हाड मोडलं, माणूस जन्माचा लंगडा झाला. दादाने सगळ्यांदेखत इंजिनातलं ऑईल मोजायची पट्टी ओढली, झटकन परत घातली आणि म्हणाला, “थेंब नाही.”

ऑईल बघायचं काम धाकट्याचं. सकाळी आपण भरलं होतं असं त्याला पक्कं आठवत होतं. पण दादा म्हणतो म्हणजे नसेलच भरलं. पुढे पुढे ती आठवणच त्याला खोटी वाटायला लागली. दादाने ट्रॅक्टर न खोलताच कोपऱ्यात लावला आणि साहेबांच्या हातापाया पडून धाकट्याची नोकरी वाचवली. वर्कशॉप मात्र सुटलं. उरलेली एकतीस वर्षं पंपहाऊसमध्ये गेली: बटण दाबायचं, वहीत वेळ लिहायची, बटण बंद करायचं. हेडमाळी कुबडी टेकत समोरून आला की धाकटा रस्ता बदलायचा. दादासमोर तर त्यानंतर त्याने कधी ब्र काढला नाही. दादा म्हणेल ती पूर्वदिशा.

इंजिनाच्या तळाशी ऑईल साठतं त्या चेंबरखालचा बोल्ट त्याने सैल केला आणि सवयीने खाली डबा सरकवला. आधी काहीच आलं नाही. मग डांबरासारखं काळं ऑईल संथपणे गळायला लागलं. गळतच राहिलं. डबा भरला.

“एवढं ऑईल असतं यात?” बाईंनी विचारलं.

“एवढंच असतं,” धाकटा म्हणाला. त्या सकाळी त्याने भरलं होतं तेवढंच.

चेंबर उतरवल्यावर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड दिसला. या इंजिनात रॉडच्या खालच्या टोकाला पळीसारखी एक जीभ असते. ती दर फेऱ्याला ऑईल उडवते, म्हणून सगळं ओलं राहतं. या रॉडला जीभच नव्हती. बाईंनी नंबर पुस्तकाशी ताडून पाहिला. “हा नाही जुळत. कुणीतरी बदललाय.”

रॉडच्या टोपीवर पंचाने मारलेले तीन ठिपके होते, त्रिकोणात. दादाची खूण. खोललेली टोपी त्याच बाजूने बसावी म्हणून दादा अशी खूण करायचा. दुसऱ्या कुणाची तशी नव्हती. रॉड पाण्याच्या पंपाचा होता. असे रॉड धाकट्याने आयुष्यभर पाहिले होते.

तो बाईंना काही बोलला नाही. मूळचा रॉड मिळायला तीन आठवडे लागले. तोवर काढलेला रॉड त्याच्या उशाशी होता.

“लोखंडाचा तुकडा कवटाळून झोपायचं वय आहे का हे?” बायकोने एकदा थट्टेने विचारलं. तेव्हा त्याने सगळं सांगितलं. तिने हातातल्या चादरीची घडी घातली. मग म्हणाली, “लग्न झाल्यापासून चौतीस वर्षं मी त्या माणसाला पहिलं ताट वाढत आले.”

नवा रॉड बसला. इंजिन दोरीच्या दुसऱ्याच ओढीला सुरू झालं. बाईंनी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. धाकट्याने हात धुतले, जुना रॉड पिशवीत टाकला आणि थेट दादाचं घर गाठलं.

दादा गॅलरीत खुर्चीवर बसला होता. डोळ्यांनी आता त्याला जेमतेम दिसायचं. धाकट्याने रॉड त्याच्या मांडीवर ठेवला. दादाने तो चाचपला. बोटं ठिपक्यांपाशी आली आणि थांबली.

“कुठे मिळाला?”

“तू घातलास तिथेच.”

आतून सूनबाईंनी चहा ठेवू का म्हणून विचारलं.

“मूळचा तडकला होता,” दादा म्हणाला. “नवा यायला महिना गेला असता आणि साहेब तर दोन दिवसांवर आलेले. हा मापात बसला. जिभेचं ध्यानातच आलं नाही रे तेव्हा.”

“आणि पट्टी ओढलीस तेव्हा? पट्टीला ऑईल होतं, दादा?”

दादाने रॉड उलटा केला, परत सुलटा केला.

“होतं.”

खालून एक सायकल घंटी वाजवत गेली.

“हेडमेकॅनिकसाठी तेव्हा नुकतंच माझं नाव गेलं होतं. घरात दोन पोरं. तू सडाफटिंग. म्हटलं, याचं निभावून नेता येईल. आणि नेलं की नाही मी? साहेबांचे पाय धरले तुझ्यासाठी!”

“छत्तीस वर्षांत एकदा तरी सांगायचंस.”

“सांगणारच होतो. आधी तुला झेपलं नसतं. मग तुझं बरं चाललं होतं.”

“हेडमाळी गेला तेव्हा त्याच्या दारापर्यंत जाऊन मी परत फिरलो होतो. आत पाऊल टाकायची लाज वाटली.”

“मी गेलो होतो की,” दादा समजूत काढल्यासारखा म्हणाला. “आपल्या दोघांच्या वतीने.”

धाकट्याने वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं या एका वाक्यापुढे फिकं पडलं होतं. दादाच्या तोंडावर ऊन आलं होतं, डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते उन्हाने होतं की कशाने, कळत नव्हतं. धाकट्याने खुर्ची त्याच्यासकट धरून सावलीत सरकवली.

“जातो मी,” तो म्हणाला.

“जातो काय? येतो म्हणावं,” दादाने नेहमीसारखं टोकलं.

धाकट्याने दारातल्या चपला एकेक करून पायात सरकवल्या आणि जिना उतरला.