हिरव्या दिव्याचं पाणी

थेंबबाईंनी तिसरी परीक्षानळी खिडकीसमोर धरली आणि एक डोळा मिटून पाहिलं. पुन्हा तोच रंग. यायला हवा होता फिकट गुलाबी, आला होता चांगलाच गडद. शेजारच्या लाकडी स्टँडवर ठरावीक ताकदीच्या द्रावणांच्या नळ्या ओळीने उभ्या होत्या, आणि हा रंग त्यांतल्या अगदी शेवटच्या दोघींच्या मध्ये बसत होता. म्हणजे लिटरमागे पंचाण्णव मिलिग्रॅम नायट्रेट. भिंतीवरच्या नव्या मीटरमधून तेच पाणी वाहत होतं आणि मीटर शांतपणे साडेएकवीस दाखवत होतं.

"मॅडम, सोडा आता त्या नळ्यांचा नाद," पंपवाले काका दारातून म्हणाले. "मीटर बोटीतून आलंय. तुमच्या नळ्या कपाटातून."

"पाणी कुठून आलंय, काका?"

"ते जमिनीतूनच. त्याला कोण बोटीत घेतंय!"

थेंबबाई हसल्या नाहीत. हे नाव त्यांना काकांनीच ठेवलं होतं, थेंब मोजताना त्यांचे ओठ हलतात म्हणून. तोंडावर मात्र सगळे मॅडमच म्हणत. त्यांनी नळी धुतली आणि चौथ्यांदा नमुना घेतला. हात चुकत असेल. वय झालं की रंग वेगळे दिसतात म्हणे.

हे शुद्धीकरण केंद्र दोन बड्या देशांनी मिळून उभारलं होतं. एरवी वर्तमानपत्रात एकमेकांचं तोंड न पाहणारे हे दोघे. पण पुढच्या पिढ्यांसाठी पृथ्वी राखायची तर खांद्याला खांदा लावला पाहिजे, असं एका मोठ्या परिषदेत त्यांचं ठरलं, आणि त्या ठरावाचं पहिलं फळ म्हणून हे केंद्र आलं. एकाने मोजायची यंत्रं दिली, दुसऱ्याने गाळायची. केंद्रात त्यांना मीटरवाले आणि फिल्टरवाले एवढंच म्हणत. उद्घाटन गुरुवारी होतं, पण चाचणी म्हणून फाटकाजवळचा सार्वजनिक नळ कधीच सुरू झाला होता. नळावर मोठा बोर्ड होता: आजचं नायट्रेट साडेएकवीस, चालण्याजोगं पन्नास. शेजारी हिरवा दिवा.

घरी पोचल्या तेव्हा भावजय स्वयंपाकघरात दुधाची बाटली हलवत होती. भाची अजून मानही धरत नव्हती. आईचं दूध आटल्यामुळे पावडरच्या दुधावर होती.

"पाणी कुठलं घेतलंस?" बाईंनी चपला काढता काढता विचारलं.

"तुमच्याच केंद्राचं, ताई. चांगलं खळखळून उकळलंय, पाऊण भांडं उरेपर्यंत. आता त्यात काही जिवंत राहिलं असेल तर मी त्याला हात जोडीन."

उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट जंतू नव्हे. वाफ उडून जाते, ते तिथेच राहतं आणि उरलेल्या पाण्यात आणखी दाट होतं. मोठ्यांना त्याचा सहसा त्रास जाणवत नाही. तान्ह्याच्या रक्ताची मात्र प्राणवायू वाहायची ताकद ते काढून घेतं, आणि आधी ओठ, मग नखं निळसर होतात. बाईंनी भाचीची मूठ हलकेच उघडली. नखं गुलाबी होती. की खिडकीतल्या उन्हाने तशी दिसत होती? त्यांनी बाळाला सावलीत घेऊन पुन्हा पाहिलं आणि त्यांना नक्की सांगता येईना.

"थोडे दिवस ते पाणी तिला नको देऊस."

"का हो?"

"दोन आकडे येताहेत."

"मग खरा कुठला?"

"तेच कळत नाहीये."

भावजयीने बाटली मनगटावर उलटी करून दोन थेंब पाडले, ऊब पाहिली. "ताई, दोन देशांनी मिळून बांधलंय ते. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हेच पाणी वापरा. अख्खी गल्ली भरते. आणि तुम्ही तिथल्या तिथे बसून म्हणता कळत नाहीये. तुमचा तो दिवा हिरवा आहे ना? लाल झाला की सांगा, मी हात नाही लावणार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेतून ऊर्ध्वपातित पाण्याचा कॅन भरून आणला. संध्याकाळी पाहतात तर भावजय ते पाणी इस्त्रीत ओतत होती.

"हे बॅटरीत घालतात ना, ताई? बाळाला कसलं देता!"

बुधवारी सकाळी बाई प्रयोगशाळेत आल्या त्या थेट तराजूपाशी गेल्या. नळाचं पाणी बाजूला ठेवायचं. आपल्याला ठाऊक असलेलं पाणी करायचं आणि मीटरला तेच विचारायचं. कॉलेजात शिकवलेली ही सगळ्यात साधी गोष्ट आपल्याला इतक्या उशिरा का सुचावी, हेही त्यांना कळेना. त्यांनी नायट्रेटचं कोरडं मीठ तोललं, शुद्ध पाण्यात विरघळवलं, लिटरमागे बरोबर बासष्ट मिलिग्रॅम नायट्रेट येईल असं द्रावण केलं. बासष्ट अशासाठी, की नायट्रेटचा रेणुभार तेवढा. हिशेबाला बरं पडतं. त्याची नळी मीटरला जोडली.

आकडा हलला, डगमगला आणि थांबला. चौदा.

बाई स्टुलावर बसल्या. चौदा हा आकडा त्या वयाच्या सोळाव्या वर्षापासून ओळखत होत्या. नायट्रोजनचा अणुभार.

मीटर बिघडलं नव्हतं. नळ्याही बरोबर होत्या. मीटरवाल्यांच्या देशात नायट्रेटमधला नुसता नायट्रोजन मोजायची रीत होती. फिल्टरवाल्यांकडे अख्खं नायट्रेट मोजत. बोर्डावर आजचा आकडा पहिल्यांच्या रीतीचा होता आणि पन्नासाची मर्यादा दुसऱ्यांच्या. दोन्ही आकडे शेजारी शेजारी, एकाच रंगात, गुण्यागोविंदाने बसले होते.

दुपारी समन्वयकाने बैठक बोलावली. हा तरुण माणूस दोन्ही देशांच्या मधला; दोन फोन, दोन घड्याळं, आणि चेहऱ्यावर कायम नुकतीच कुणाची तरी माफी मागून आल्यासारखा भाव. मीटरवाल्यांचा इंजिनियर आला होता, फिल्टरवाल्यांची इंजिनियर आली होती. दोघांसमोर एकेक दुभाषी.

"सोपं करून सांगा, मॅडम," समन्वयक म्हणाला.

"शेंगा तोलायच्या आहेत. हे नुसते दाणे तोलतात. या टरफलासकट तोलतात. बोर्डावर आपण दाण्यांचं वजन लिहिलंय आणि मर्यादा टरफलासकटची."

दुभाष्यांचं बोलून झालं. समन्वयकाचा चेहरा उजळला.

"म्हणजे दोघांचंही बरोबरच आहे!"

"दोघांचंही बरोबर आहे. पाणी पिण्याजोगं नाहीये."

फिल्टरवाली इंजिनियर वहीत आकडे मांडत होती. मग तिने हळूच विचारलं, सुरुवातीला विहिरींचा अहवाल कुणाच्या मीटरवर झाला होता? मीटरवाल्याने छातीला हात लावला. आमच्याच. तेव्हाचा आकडा किती होता? बावीस. ती खुर्चीत मागे टेकली. पन्नासच्या आत दिसला म्हणून तिच्या लोकांनी नायट्रेट काढायचा टप्पाच आराखड्यातून वगळला होता. फिल्टर गाळ काढत होता, लोह काढत होता. नायट्रेट जसं येत होतं तसंच पुढे जात होतं.

"तुमच्याकडे हे पाणी तान्ह्या मुलांना देतील?" बाईंनी दोघांना विचारलं.

दोन्ही मानांनी एकदमच नकार दिला. दुभाष्यांची गरज पडली नाही.

"मग उद्या नळ बंद ठेवू," बाई म्हणाल्या.

इथून पुढचं बोलणं बाईंना नीट कळलं नाही. नळ बंद करणं इंजिनियरांच्या हातात नव्हतं, त्यांच्या राजधान्यांच्या हातात होतं. मीटरची रीत बदलायची तर मीटरवाल्यांचं मानक बदलल्यासारखं होईल. बोर्डावरची मर्यादा बदलायची तर फिल्टरवाल्यांचं. एकाने बदललं आणि दुसऱ्याने नाही, तर कोण चुकला असा अर्थ निघेल, आणि ही सगळी वाटचालच या पहिल्या केंद्रावर उभी होती. ते मोडलं तर पुढची पन्नास केंद्रंही जातील. समन्वयक हे सगळं मनापासून सांगत होता; त्याचा आवाज दोनदा चिरकलाही. तो खोटं बोलत नव्हता, म्हणूनच बाईंना त्याच्यावर धड रागावताही येईना. शेवटी दोन्ही बाजूंचं एकमत झालं. बोर्डावरून दोन्ही आकडे काढायचे. समान रीतीसाठी उपसमिती नेमायची. तिचा अहवाल पुढच्या परिषदेत.

"आणि दिवा?" बाईंनी विचारलं.

"दिवा राहील, मॅडम. संयुक्त निवेदनात दिव्याचा उल्लेख आहे. दोन्ही पाहुणे मिळून एकच कळ दाबणार आणि दिवा लागणार." तो थोडा घुटमळला. "त्याची मर्यादा कोण भरतं?"

"प्रयोगशाळा."

"हां," तो म्हणाला, आणि एक फोन वाजला म्हणून बाहेर गेला.

गुरुवारी सकाळी बाई सगळ्यांच्या आधी आल्या. नियंत्रणपेटीच्या पडद्यावर पन्नास होते. त्यांनी ते खोडले. मीटर नायट्रोजन मोजतंय, तेव्हा मर्यादाही नायट्रोजनचीच हवी. मीटरवाल्यांची धरली तर दहा, फिल्टरवाल्यांची धरली तर अकराच्या जरा वर. कुणाची धरावी यावर त्या उगाचच बराच वेळ उभ्या राहिल्या. साडेएकवीस दोन्हींच्या कितीतरी वरच होते. त्यांनी अकरा भरले आणि पेटी बंद केली.

"मॅडम, आज नळ्या नाहीत?" काकांनी विचारलं.

"आज नाहीत."

काकांनी पेटीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि टोपी काढून पुन्हा घातली.

फाटकापाशी मांडव होता, खुर्च्या होत्या, कॅमेरे होते. दोन्ही देशांचे पाहुणे आले, त्यांच्या मागे आणखी मोठमोठ्या देशांचे. नळाच्या पलीकडे दोरी लावली होती आणि दोरीमागे कॅन घेतलेल्या बायकांची रांग. भावजय तिसरी होती, भाची खांद्यावर निजलेली. बोर्डावर आकडे नव्हते. नुसता पांढरा पत्रा आणि मधोमध फडक्याखाली झाकलेला दिवा.

भाषणं झाली. एकाचं बोट दुसऱ्याच्या बोटावर आलं, दोघं कॅमेऱ्यांकडे पाहून हसले, कळ दाबली गेली. फडकं सरकलं.

दिवा लाल लागला.

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. दिवा लागला की टाळ्या, एवढंच सगळ्यांना सांगितलेलं होतं. पाहुण्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले, कॅमेरे लखलखले. दुसऱ्या रांगेतल्या दोन इंजिनियरांनी आधी दिव्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. फिल्टरवालीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, अगदी हळू, आणि मीटरवाल्यानेही. त्या दोघांना काय म्हणायचं होतं ते बाईंना कळलं नाही. समन्वयक मागे वळून गर्दीत कुणाला तरी शोधत होता. त्याची नजर बाईंवर येऊन थांबली आणि थांबूनच राहिली. त्याच्या हातातला फोन वाजत होता, तो उचलत नव्हता.

दोरीमागे भावजय दिव्याकडे पाहत होती. तिने मान उंचावून बाईंना शोधलं आणि इतक्या लांबून, इतक्या आवाजात, नुसत्या भुवया उंचावून विचारलं.

बाईंनी नकाराची मान हलवली, एकदाच.

भावजयीने कॅनचं झाकण घट्ट लावलं, बाळाचं डोकं खांद्यावर सावरलं आणि मागे उभ्या असलेल्या बाईच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. त्या बाईनेही दिव्याकडे पाहिलं, आणि वळून तिच्या मागचीला सांगितलं. टाळ्या अजून चालूच होत्या.