तीसपैकी तीस

मी सूक्ष्मदर्शक बोलतोय. नागपुरातल्या एका ज्युनियर कॉलेजच्या प्रयोगशाळेत, बंद कपाटात असतो. जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला; पण पाहायला मी शिकलो ते जीवशास्त्राच्या चारुशीला मॅडमच्या हाताखाली.

दोन वर्षांपूर्वी काटोलची भैरवी अकरावीत आली. पहिल्याच आठवड्यात तिने संत्र्याचं काळं पडलेलं पान आणलं. "मॅडम, सारी बाग अशी होऊन राहिली. पाहू द्या ना मले." मॅडमने पान माझ्याखाली ठेवलं. भैरवीने डोळा टेकवला तो कितीतरी वेळ उचललाच नाही. "मॅडम, ही काजळी नाही! धागे आहेत, जाळंच आहे सारं!" त्या दिवशी माझ्या जन्माचं सार्थक झालं.

दिवाळीनंतर कॉलेजने प्रवेशपरीक्षेच्या एका क्लासशी करार केला. प्रयोगशाळेत बाकं आली, रोज टेस्ट सुरू झाली आणि मी कपाटात गेलो. मुलं एकमेकांच्या प्रयोगवह्या उतरवू लागली. न पाहता 'पाहिले' असं लिहायचं, ही माणसांची रीत मला कधीच उमगली नाही. भैरवी दोनदा कपाटाची किल्ली मागायला आली. "टेस्टमध्ये विचारतात का हे?" क्लासच्या सरांनी हटकलं. तिसऱ्यांदा ती आलीच नाही.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला मला बाहेर काढलं. भैरवीने घाईघाईत माझं मोठं चाक भलतीकडे फिरवलं. मोठं भिंग खालच्या काचपट्टीवर आदळलं, त्याला तडा गेला. ती मॅडमकडे वळली. "मॅडम, आकृती, नावं, सारं पाठ आहे मले. फिरवायचं कसं तेच विसरली मी."

तेवढ्यात प्राचार्य मनोहरराव आत आले. "सगळ्यांना तीसपैकी तीस देऊन टाका."

"प्रयोग केलेच नाहीत त्यांनी, सर. मी नाही लिहिणार."

"काहून लेकरांच्या आड येता, मॅडम?"

मॅडमने भैरवीकडे पाहिलं. मला वाटलं, ही तरी मॅडमच्या बाजूने बोलेल. भैरवी मान खाली घालून म्हणाली, "सगळ्यायलेच तीस भेटते, मॅडम. मलेच कमी काहून?"

मॅडमने गुणांची यादी ओढली आणि चाळीस मुलांसाठी चाळीस वेळा तीस लिहिलं. दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन त्या गेल्या. जाताना माझ्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

परवा नत्थूजी शिपायाने भंगाराच्या यादीत माझी नोंद केली. मोठं भिंग गेलं, लहान अजून शाबूत आहे. टेम्पो येण्याआधी कोणी कपाट उघडलंच, तर डबक्यातलं थेंबभर पाणी माझ्याखाली ठेवा आणि एखाद्या लेकराला पाहू द्या. मग मी जायला मोकळा.